आप्पांचा रिपोर्ट चांगला आला

सोमवारी नेरूळला आप्पांची स्ट्रेस टेस्ट होती. सगळं उत्तम निघालं... आणि तेव्हापासून आमच्या घरात सुतक असल्यासारखं वाटतंय.

आप्पा म्हणजे माझे वडील. साताऱ्याहून तरुणपणी आले आणि मार्केटात माथाडी झाले. जन्मभर पाठीवर कांद्याच्या गोणी... गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि अँजिओप्लास्टी झाली.

डॉक्टर म्हणाले होते, रोज भरभर चाला. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. त्याने रक्तवाहिन्या लवचीक राहतात, रक्त मोकळं वाहतं.

आप्पांनी ते ड्युटीसारखं घेतलं. पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे. आमचे आप्पा बघा, असं मी सगळ्यांना मिरवून सांगायचे.

सोमवारी ट्रेडमिलवरून उतरले तेव्हा डॉक्टरही खूश झाले. आप्पांनी घाम पुसला आणि हात जोडून विचारलं, "मग सायेब, कधीपासनं कामावर जाऊ? टोळीतली पोरं वाट बघत्यात."

तेव्हा कळलं... हा माणूस एवढे महिने गोणी उचलायला चालत होता. आम्हाला वाटलं, जगायला चालतोय.

"आप्पा, चालणं सोडू नका. पण ओझं आता कायमचं बंद," डॉक्टर म्हणाले. आप्पांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेलेच नाहीत. मी समजावलं, रागावले, शेवटी रडले. "कशापायी चालू, बाय?" एवढंच म्हणाले. चालणं सुटलं तर काय होईल, ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे.

आज गॅसवाला सिलेंडर दारात ठेवून गेला. मी आतून आले, तर आप्पा वाकलेले, दोन्ही हात सिलेंडरच्या कड्यावर. मी किंचाळले. त्यांनी पटकन हात काढले... चोरी पकडली गेल्यासारखे. मग गुपचूप खुर्चीत जाऊन बसले.

सिलेंडर मी ओढत आत नेला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

आप्पा वाचले, त्यासाठी डॉक्टरांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण उद्या सकाळी त्यांना चालायला कोणत्या तोंडाने उठवू... तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा.