मावशीच्या घरासाठी वकील शोधला तेव्हा

"चपला बाहेर काढ. आन् तू बी बाहेरच थांब, मेंढरांचा वास येतोय."

बीडमधल्या वकिलाचा कारकून बोलला. आत चौघं बूट घालून बसले होते. मी दारात उभी. बाप मेंढरं राखायचा, आडनावावरून कळतंच. त्या दिवशी मी धुतलेली साडी नेसून, एसटीनं आलेली. वास कसला येणार?

मावशीच्या घरासाठी आलते. ती अंबाजोगाईला दवाखान्यात आया होती. मूलबाळ न्हाई, नवरा लवकर वारला. उभा जन्म लोकांची घाण काढून तिनं दोन खोल्या बांधल्या. मला तिनंच वाढवलं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मीच तिचं सगळं केलं. शुद्धीवर होती तेव्हा दोन साक्षीदारांसमोर तिनं मृत्युपत्रावर अंगठा केला. घर माझ्या नावानं.

ती गेली आन् तिच्या नवऱ्याच्या पुतण्यानं घराला कुलूप ठोकलं. मृत्युपत्र खोटं म्हणला. आजारपणात एकदाबी फिरकला न्हाई. पुढाऱ्याच्या गाडीतून हिंडणारा माणूस, त्याला कोण बोलणार? नगरपालिकेत गेले तर बाबू म्हणला, "आधी प्रोबेट आण." ते काय असतं, इचारलं. "वकिलाला विचार," म्हणला.

म्हणून त्या दारात उभी होते.

लई वेळानं वकिलानं आत बोलावलं. बस म्हणला न्हाई. मृत्युपत्र वरवर चाळलं.

"अडाणी बाईचा अंगठा. कोण मानणार हे? प्रोबेट म्हणजे काय, कळतं का तुला?"

"न्हाई कळत, साहेब. तेच इचारायला आले."

"तुला सांगून काय उपयोग? कुणी पुरुषमाणूस घेऊन ये."

मग मी पुतण्याचं नाव सांगितलं, तर त्याच्या ओळखीचाच निघाला. माझ्यादेखतच त्यानं पुतण्याला फोन लावला. "हां, इथंच बसलीय," म्हणला. मी तर उभी होते. फोन ठेवून माझ्याकडं वळला. "मिटवून टाक. अर्धं त्याचं, अर्धं तुझं. कागद करतो, अंगठा लाव."

इतका वेळ मी मान खाली घालून होते. ती वर केली.

"मला सही येती. पण करणार न्हाई."

मृत्युपत्र त्याच्या हातातून काढून घेतलं. मागं हसले सगळे.

त्यानंतर दोन वकील पाहिले. एकानं पुतण्याचं नाव ऐकलं आन् हात जोडले. दुसरा उद्या या, उद्या या करत राहिला. कामावर खाडे पडायचे आन् हातात काहीच न्हाई. घरी येऊन चिडून भांडी आदळायचे.

शेवटी मावशीबरोबर काम केलेल्या सिस्टरबाईंनी अंबाजोगाईच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंचं नाव सांगितलं आन् मला तिथं घेऊन गेल्या. पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल. "बसा ताई," म्हणल्या. मृत्युपत्राचा शब्दन् शब्द वाचला.

"प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे, असा कोर्टाचा निकाल. आपल्या भागात ते सक्तीचं नाही, नगरपालिकेनं अडवायला नको होतं. पण पुतण्या हे खोटं म्हणतोय, तर कोर्टातच सिद्ध करून घेऊ. मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी मावशीनं तुमच्यावरच टाकलीय. अर्ज तुम्हीच करायचा. साक्षीदार आहेत का?"

"हायेत. ह्या सिस्टरबाई आन् शेजारचा दुकानदार."

त्यांनी दोन्ही नावं लिहून घेतली. "मृत्युपत्र नसतं तर?" मी इचारलं.

"मूल नसलेल्या विधवेचं स्वकमाईचं घर. कायद्यानं नवऱ्याच्या माणसांकडं गेलं असतं."

राबली मावशी, आन् घर त्यांचं. मावशीला हे ठाऊक होतं. म्हणूनच ती साक्षीदारांसाठी हटून बसली होती.

अर्ज दाखल हाय. तारखांवर तारखा पडत्यात. पुतण्याचा वकील म्हणतो, मी म्हातारीला फूस लावली. दुकानदाराला धमक्या येत्यात, तो घाबरलाय. कुलूप अजून तसंच हाय. परवा पुतण्यानं निरोप धाडला, बाईमाणसानं कोर्टाच्या पायऱ्या चढू नयेत.

मी उलटा निरोप दिला. पुढच्या तारखेला साक्षीदारांना मी घेऊन येणार हाय. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. ते घर मावशीनं मला दिलंय. मी ते सोडणार न्हाई.