मोठ्याने केलेली प्रार्थना

आमच्या ह्यांना देवाने कान चांगले दिले, जीभ मात्र जरा जास्तच दिली. पनवेलच्या आमच्या चर्चच्या मंडळीत दयाराम उजागरे म्हटलं की कुणीही घर दाखवेल. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून ह्यांनी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, आणि तेव्हापासून नवरा-बायकोची भांडणं, हट्टाला पेटलेली पोरं, सासू-सुनेचा अबोला, सगळं आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसू लागलं. हे ऐकतात, बायबल उघडतात, प्रार्थना करतात. ऐकण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही, हे बायको असूनही मी कबूल करते.

सुशांत असाच आला. उलव्याला इमारतीच्या कामावर सुपरवायझर, तिकडच्याच गावचा. त्याला बायकोचा, संजनाचा, संशय यायचा. काही कारण नसताना तिचा मोबाइल तपासायचा, ती कामावरून सुटली की एसटी स्टँडवर लपून पाहायचा. कंटाळून संजना उरणला माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, की दर गुरुवारी काकांकडे बसलास आणि बदललास, तरच मी परत येईन. सुशांत नेमाने येऊ लागला. ह्यांच्यापुढे रडला, चुकलो म्हणाला.

आणि मग बुधवारची प्रार्थनासभा आली. आमच्याकडे पद्धत आहे, एकेकाने उठून कुणाकुणासाठी देवाला मोठ्याने विनवायचं. कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी. कुणाच्या घरात काय शिजतंय ते आम्हा ख्रिस्ती लोकांना असं डोळे मिटूनच कळतं. हे उठले, गहिवरले आणि म्हणाले, "प्रभू, आमच्या सुशांतच्या मनातला बायकोबद्दलचा संशय काढून टाक."

मी डोळे उघडले. आणखी बऱ्याच जणींनी उघडले होते. सखूबाई तर शेजारणीच्या कानाला लागलीसुद्धा. संजनाचंच काहीतरी असणार, आगीशिवाय धूर निघत नाही, असं म्हणायला लोक मोकळेच. रविवारच्या आत गोष्ट उरणला पोचली. सुशांत गुरुवारी आलाच नाही, ह्यांचा फोनही उचलेना.

मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. हे म्हणाले, प्रेमापोटी केलं गं. मी म्हटलं, प्रेम दार लावूनही करता येतं.  बोलून मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर खायची. भाकरीचं ताट ह्यांच्यापुढे आलं, ह्यांनी ते न घेता पुढे दिलं. भावाचं मन दुखावलं असेल तर देवापुढचं अर्पण तसंच ठेवून आधी त्याच्याकडे जावं, हे बायबलमधलं वचन ह्यांनी आजवर किती जणांना सांगितलं असेल. हे उठले. मीही मागोमाग निघाले. रिक्षाने थेट उलवे गाठलं.

सुशांत साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत बसला होता. मला वाटलं, आता हे लागणार वचन सांगायला. ह्यांनी हात जोडले. "तू विश्वासाने सांगितलंस, ते मी चव्हाट्यावर मांडलं. मला क्षमा कर."

सुशांतने ह्यांचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाला, "माझं सोडा काका. पन तिचं नाव खराब झालं. तिची कायपन चूक नाय. लोकांनी बोलावं अशी ती नाय."

"हे तिला कधी सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

त्याने नाही अशी मान हलवली. मग खिशातून मोबाइल काढून तिचा नंबर लावला. तशी हे उठले आणि मलाही उठवलं. मला तिथंच थांबायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण ह्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं, दार ओढून घेतलं आणि काँक्रीटच्या मिक्सरच्या धडधडाटात जाऊन उभे राहिले. तिथे आतला शब्दही ऐकू येत नव्हता.

सुशांत डोळे पुसत बाहेर आला. "गुरुवारी ती पन येते बोलली. घरी नाय, तुमच्याकडं."

"येऊ दे," हे म्हणाले. "तिचीही क्षमा मागायचीय मला."