मिठाच्या डबीतली हळद

चांदी घासायला मला कोणी शिकवलेलं नाही. सगळी नोकरी रेल्वेत गेली. ज्यानं तिथलं पितळ आरशासारखं घासून घेतलं, त्याला चार डब्यांचं काय शिकवायचं!

डब्या माझ्या सासरच्या. झाशी शहरात त्यांचं जुनं घर आहे आणि माझ्या मेहुण्याच्या मुलीनं, रेवानं, तिथल्या दिवाणखान्यात घराण्याच्या जुन्या वस्तूंचा संग्रह मांडलाय. तलवारी आहेत, पानदानं आहेत, हुक्के आहेत. पण खरी शान एकाच वस्तूची. चांदीच्या तबकात चार डब्या, मीठ, मिरपूड, मोहरी आणि चटणीसाठी, आणि प्रत्येकीच्या झाकणावर मोर! कोणा पूर्वजानं इंग्रज साहेबांना जेवायला बोलावता यावं म्हणून खास घडवून घेतलेल्या.

लखनौच्या एका प्रदर्शनासाठी वस्तू निवडायला एक बाई येणार होत्या. संग्रहाची दखल बाहेरचं कोणी पहिल्यांदाच घेत होतं. रेवाला जेवण गोड लागेना.

"आतोबा, चांदी काली पड़ गई है," ती म्हणाली. (आमची नवी पिढी हाक मराठीत मारते आणि बोलते हिंदीत.) "किसी जानकार को बुलाऊँ?"

"जानकार? मी असताना?"

तबक उचलून मी झाशीतच नगरा भागात आमच्या घरी आणलंसुद्धा!

बाहेरून डब्या लगेच उजळल्या. झाकण उघडलं, तर आत सगळं पिवळं!

"सुलभा, बघ तुझ्या माहेरची स्वच्छता! हळद तशीच आहे!"

बायको चष्मा लावून डोकावली. "मिठाच्या डबीत हळद कशाला येईल?"

"कोणाचा तरी उष्टा हात गेला असेल."

"साहेब लोक हातानं जेवायचे?"

"तुमच्याकडची पुरणपोळी काट्यानं कोण खाणार?" मी बिनतोड उत्तर दिलं.

लिंबानं हळद हलेना. चिंचेनं हलेना. राखेलाही दाद देईना. मला तर त्या हळदीबद्दल आदर वाटायला लागला! एवढ्यात शेजारच्या भाभीजी भिंतीवरून ओरडल्या, "भाईसाब, ईंट कौ चूरौ लै लो, सब निकर जैहै!"

विटेची पूड घेतली, तारेची घासणी घेतली, आणि हळद हरली! एक डबी पांढरी, दुसरी पांढरी, तिसरी पांढरी. चौथीला हात घालणार तोच खांदा असा धरला की हात वर उचलेना.

"राहू दे ही," मी सुलभाला म्हटलं. "आधी काय होतं आणि मी काय केलं, हे लोकांना कळायला हवं ना!"

दुसऱ्या दिवशी तबक दिवाणखान्यात परत मांडलं आणि लखनौच्या बाई आल्या. तबक पाहून खूश झाल्या. एकेक झाकण उघडत गेल्या. पहिल्या तिन्ही उघडून तशाच मिटल्या. चौथी उघडली आणि चेहरा खुलला.

"वाह! सोने का मुलम्मा! नमक-मसाला चाँदी को खा जाता है, इसलिए अंदर सोना चढ़ाते थे।" मग त्या पुन्हा पहिलीकडे वळल्या. "पर बाकी तीनों का सोना कहाँ गया?"

रेवानं माझ्याकडे पाहिलं. सुलभानं माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या पूर्वजांनीही पाहिलं असावं.

"मैडम, वो हल्दी थी," मी ठामपणे सांगितलं.

"आतोबा!" रेवाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

त्या हाकेनं मात्र मी खचलो. पोरीनं एकटीनं खपून उभं केलेलं सगळं, आणि मी त्यातलं सोनं मोरीत सोडून दिलं होतं! (सुलभा घरी परतल्यावर मोरीपाशी बॅटरी घेऊन बसली, ते वेगळंच.)

"मैडम, गलती मेरी है," मी म्हणालो. "इस बच्ची की मेहनत मत ठुकराइए।"

बाईंनी चारही डब्या ओळीनं मांडल्या आणि त्या एकदम हसल्या. "चारों ले जाऊँगी। एक दिखाने के लिए, तीन समझाने के लिए!"

प्रदर्शनाला आम्ही सगळे लखनौला गेलो. चौथी डबी तबकासकट मधोमध, मखमलीवर. माझ्या तिघी शेजारच्या काचेत, आणि वर पाटी: 'ग़लत सफ़ाई का नतीजा'. पण गर्दी कुठे होती, सांगा? माझ्या काचेपुढे! रेवासुद्धा आता तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी छाती काढून उभा राहिलो.

माझ्या बाजूला उभे असलेले एक गृहस्थ वाकून पाटी वाचत बायकोला म्हणाले, "न जाने किस गधे ने घिसा होगा!"

सुलभा लगबगीनं पुढे झाली. "भैया, मिलेंगे उनसे?"

आता मी तरी काय करणार? कोटाचं बटण लावलं आणि हात जोडले.