फोनवर सगळेच बरे

जुन्या एका दुष्काळातलं हे. मी नुकतीच नर्स होऊन तालुक्याच्या दवाखान्यात लागले होते, आणि आमच्या डॉक्टरांनी काय काढावं? फोनवरून पेशंटची तब्येत बघायची! खरंच!

त्यांचं म्हणणं सरळ होतं. टाके घातलेलं माणूस पट्टी दाखवायला परत आलं की रोजगार हमीवरची त्याची हजेरी बुडते. मग निम्म्यांना नेहमीसारखं बोलवायचं, निम्म्यांना पट्टीचं सामान देऊन घरी धाडायचं आणि फोनवर विचारायचं. शेवटी कोण कसं बरं झालं ते ताडून बघायचं. कोण कुठल्या निम्म्यात, ते चिठ्ठी टाकून. पेशंटला विचारूनच हां सगळं.

जळकोटच्या पुढच्या एका गावची बाई आली होती. गिट्टी फोडताना पायावर दगड पडलेला. मी तिला वहिनी म्हणायची. जखम शिवायच्या आधी म्हटलं, "वहिनी, ह्या पायातलं जोडवं काढा, सुजंल."

"नवरा जिता हाय माझा!" असली भडकली! "पाय कापा, जोडवं न्हाय निघायचं."

डॉक्टर हसत म्हणाले, "राहू दे. सुई चालव." तिची चिठ्ठी फोनची निघाली. खूश झाली, खाडा वाचला.

आता फोन कुठला? गावात एकच, दूध डेअरीत. सकाळी दूध घालायला सगळे तिथंच, म्हणून मी तेव्हाच लावायची. एक्स्चेंजवाला जोडून द्यायचा, मग मी इकडून बोंबलायची, "कसं हाय?" आणि तिकडून, "बरं हाय!" दुसरा पेशंट, "बरं हाय!" तिसरा, "बरं हाय!" डॉक्टर तर हवेतच! मीही! फोनवाले सगळे ठणठणीत की हो!

वहिनीचंही दर वेळी तेच. एकदा असंच "बरं हाय" झालं, पण लाईन लई छान लागली होती, ठेवायला जीव होईना. म्हणून चेष्टा केली, "काय वहिनी, जोडवं हाय ना जागेवर? लई भांडला होतात माझ्याशी."

मागं दुधाच्या किटल्यांचा खणखणाट चाललेला.

त्यातूनच हळूच आवाज आला, "काढलंय."

जी बाई पाय कापा म्हणत होती, तिनं जोडवं काढलं? म्हणजे पाय किती सुजला असेल!

"आवं मग बरं हाय का म्हणलात?"

"मामंजी उभं हायती हितं," ती कुजबुजली. "आन कसं हाय इचारल्यावर दुसरं काय म्हनत्यात?"

मी पळत डॉक्टरांकडं. त्यांनी स्वतः फोन घेतला, डेअरीच्या सेक्रेटरीला म्हणाले, "बाईंना आत्ताच्या आत्ता पाठवा. पाय जाईल." दुधाचा टेम्पो तालुक्याला निघालाच होता. वहिनी आल्या त्या कॅनच्या मधे बसून, पाय पालथ्या टोपल्यावर. आत पू भरला होता. तो काढला, इंजेक्शनं सुरू केली, ठेवूनच घेतलं. डॉक्टर रोज तो पाय बघायचे, मी रोज पट्टी बदलायची. मग एकदाची सूज उतरायला लागली.

त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "आपण जमवलेलं 'बरं' सगळं फुकट गेलं गं. नमस्काराला नमस्कार केलाय लोकांनी."

मग कसं हाय विचारणं बंदच! चप्पल बसती का, पट्टी ओली होती का, रात्री ठणकलं का, असलं विचारायचं. आणि पेशंट बोलताना दुधाच्या रांगेतल्या लोकांनी बाहेर थांबायचं. सेक्रेटरी कुरकुरला, पण ऐकलं.

वहिनी पायानं चालत घरी गेल्या, लंगडत का होईना. पुढं एका सकाळी दवाखान्यातला फोन वाजला. आम्ही लावला नव्हता! उचलला, तर कान फुटायची वेळ.

"सिस्टर! बसलं वो जोडवं!"

मागं रांग खो खो हसतीय. ह्या वेळी बाहेर थांबा म्हणायचं वहिनी पार विसरल्या होत्या. आणि सेक्रेटरी ओरडतोय, "वहिनी, ठेवा आता, दूध नासंल!"