सुआमेच्या दुकानाचे आकडे

आई गेली तेव्हा अफ्रिये दोन वर्षांची होती. दुफी मावशीनं तिला पाठीवर बांधून कुमासी शहरात आणलं. आमच्याकडे मावशी म्हणजे आईच. पोरकेपण काय असतं ते तिला कळलंच नाही. दुफी एका बेकरीचं सुआमे भागातलं दुकान सांभाळायची. त्या पगारावर अफ्रिये विद्यापीठात संख्याशास्त्र शिकली आणि पुढे त्याच बेकरीच्या कचेरीत लागली. पाचही दुकानांत पाव कधी किती खपले, किती शिळे होऊन परत आले, हे संगणकावर मांडायचं आणि त्यावरून मालकीणबाईंना सल्ला द्यायचा, हे तिचं काम.

पिठाचे भाव चढले तेव्हा मालकीण फ्रिम्पोमाबाई म्हणाल्या, "एक दुकान बंद करावं लागणार. कुठलं, ते तुझे आकडे सांगू देत. मी ठरवायला गेले तर माझी माया आडवी येते."

सुआमे सगळ्यांत तळाला निघालं. अफ्रियेनं पावसाळा वगळून पाहिला, सणाचे दिवस वगळून पाहिले. सुआमे जागचं हलेना. गाड्या दुरुस्त करणारी मंडळी सकाळी चहाबरोबर पाव न्यायची, दुपारनंतर तिथं चिटपाखरू फिरकत नसे. 'माहिती अपुरी आहे' एवढं लिहिलं असतं तरी वर्षभर निभावलं असतं. तिला मोह झाला. तिनं लिहिलं नाही.

संध्याकाळी दोघी अंगणात जेवणासाठी फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा गोळा, कुटत होत्या. अफ्रिये मुसळ मारी, दोन घावांच्या मध्ये दुफी हात घालून गोळा उलटवी.

"मावशी, तुझं दुकान बंद करा, असं मी उद्या बाईंना सांगणार आहे."

दुफीचा हात उखळातच राहिला. अफ्रियेनं मुसळ कसंबसं वरच्या वर धरलं.

"अगं, रस्ता खणून ठेवलाय सहा महिने! गिऱ्हाईक काय उडत येणार?" दुफी म्हणाली.

"रस्ता खणायच्या आधीपासूनच घसरतंय. मी ते वेगळं काढून बघितलं."

"म्हणजे मलाच पाव विकता येत नाही, म्हण ना!"

"तसं नाही गं. सकाळी तुझ्याइतका पाव पाचांत कुणी विकत नाही. पण सकाळपुरती नुसती पावाची गाडी पाठवली, तरी भागतं."

"मग त्या गाडीलाच मावशी म्हण," दुफी म्हणाली आणि हात धुऊन आत गेली. गोळा तसाच पडून राहिला. एकटीनं कुटायचं ते काम नव्हे.

दुकान बंद झालं. सकाळची गाडी सुरू झाली आणि बाकीची चारही दुकानं तगली. सल्ला बरोबर ठरला, पण घरात तसं कुणी बोललं नाही. अफ्रियेनं शब्द टाकून बेकरीच्याच बांटामा भागातल्या दुकानात मावशीसाठी जागा मिळवली. भाचीचे उपकार नकोत म्हणून मावशी घरीच बसली. शेवटी फ्रिम्पोमाबाई स्वतः दारात आल्या, तेव्हा कुठं ती कामावर गेली.

आता कुठल्याही दुकानाविषयी लिहिण्याआधी अफ्रिये तिथं दिवसभर बसून येते. बाईंना तो वेळेचा नास वाटतो. आकडे त्यानं बदलत नाहीत, हे अफ्रियेलाही ठाऊक आहे. पण ज्याच्या पोटावर पाय येणार, त्याच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय तिचा हात चालत नाही.

बांटामात पाव घ्यायला आलेल्या एका बाईनं दुफीला डिवचलं, "तुझ्याच पोरीनं तुझं दुकान बुडवलं म्हणे?"

"बुडालेलंच होतं," पाव पिशवीत भरत दुफी म्हणाली. "तिनं ते आधी मला येऊन सांगितलं. तुझी पोरं सांगतात का तुला काही?"