कावळा, लिंबू, चादर

आमच्या घरात आता चादरीला कुणी चादर म्हणत नाही. 'ते पांघरूण दे,' म्हणते मी. पाहुण्यांना वाटतं, काय हे खूळ! वाटू दे.

माझ्या पोरीला लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांनी कमी झाल्या, पण दुसरी-तिसरीत गेल्यावर काल शिकवलेलं आज विसरायला लागली. शाळेतले सर म्हणाले, "डॉक्टरकडून तपासून आणा, मग बघू ठेवायचं का नाही." असा संताप आला मला! शाळा म्हणजे तिचा जीव. तापानं फणफणली तरी दप्तर उशाला घेऊन झोपणारी पोरगी ती.

अशा लेकरांची बुद्धी तपासायला औरादच्या दवाखान्यात बिदरहून एक मॅडम येणार होत्या. आमच्या गावाहून, चिंताकीहून, आम्ही मायलेकी बसनं गेलो. मॅडम चांगल्या होत्या. कानडी का मराठी, हे त्यांनी आधी विचारलं. मग तिला म्हणाल्या, "तीन शब्द ध्यानात ठेव. कावळा, लिंबू, चादर. शेवटी विचारीन." मधे चित्रं दाखवली, मणी ओवायला लावले, आकडे उलटे म्हणायला सांगितले. मला बजावलं होतं, "अक्का, तुम्ही काही बोलायचं नाही."

शेवटी विचारलं.

"कावळा... लिंबू..." पोरगी थांबली. माझ्याकडं बघायला लागली. शब्द माझ्या अगदी ओठावर, अन् मी गप्प.

मॅडम म्हणाल्या, "फिटमुळं ध्यानात ठेवायला जड जातंय तिला. शाळा बंद करू नका, सरांना सांगा हळूहळू शिकवा म्हणून. पुढं परत बघू." पोरीनं त्यातलं 'परत बघू' तेवढंच ऐकलं.

बसमध्ये म्हणाली, "आई, तिसरं काय व्हतं गं?"

"चादर."

"परत इचारल्यावर सांगितलं तर ठेवतेल ना मला शाळेत?"

"ठेवतेलच! कामून न्हाई ठेवणार?"

तेव्हापासून तिचा जपच सुरू झाला. वेणी घालताना, भाकरी खाताना, झोपताना. कावळा, लिंबू, चादर. "पुरे की गं बाई!" मी वैतागून ओरडायची. मला ते ऐकवत नव्हतं.

मग एका दुपारी अंगणात शेंगा फोडता फोडता ती आडवी झाली. सासूबाई नाकाला लावायला कांदा घेऊन धावल्या. "कांदाबिंदा काही नको!" मी ओरडले. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर घातला. झटके थांबले, डोळे उघडले. फिटनंतर थोडा वेळ ती कुणालाच ओळखत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दर वेळी विचारते मी.

"बाळा, मी कोण?"

ती परक्यासारखी बघत राहिली. मग ओठ हलले. "कावळा. लिंबू." पुढं कितीतरी वेळ काहीच नाही.

"चादर."

अन् माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मॅडम, तिन्ही सांगितले. आता माझ्या आईला सांगा की. ती लई रडायलीय."

"सांगते," मी म्हटलं.