फटीतलं तळेगाव

पन्नास मिलिमीटरचा लोखंडी ठोकळा घासून मी बेचाळीसचा केला. तोही तिरकाच राहिला. एक बाजू उंच वाटली की ती घासायची, मग दुसरी उंच वाटायची. गोष्टीतल्या माकडाला वाटणी करताना निदान लोणी तरी खायला मिळालं होतं.

गुण्या मास्तर रागावले नाहीत. "लोखंड कमी करता येतं, वाढवता येत न्हाई," एवढंच म्हणून त्यांनी नवा ठोकळा पुढे ठेवला.

पिंपरीच्या आमच्या कंपनीत नव्या पोरांना फिटरकाम शिकवणारे हे भोसरीचे गृहस्थ. काटकोन तपासायचा पोलादी गुण्या कायम खिशात, म्हणून हे नाव. कँटीनचं टेबल, नोटीस बोर्डाची चौकट, एकदा तर लग्नातला पाट. दिसेल त्याला ते गुण्या लावून बघत आणि बहुधा नापास करत.

मॅट्रिक झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तळेगावात स्वतःच्याच कचेरीत माझ्यासाठी कारकुनीचा शब्द टाकला होता. मला कंपनी हवी होती. तिथला पक्का फिटर हेडक्लार्कपेक्षा जास्त पगार घेतो, हे मी घरी इतक्यांदा ऐकवलं की अण्णा कंटाळून म्हणाले, तीन महिने बघ. मास्तर नाही म्हणाले तर मुकाट्याने कचेरीत यायचं.

मास्तर ठोकळ्याला गुण्या लावून खिडकीकडे धरत. मधून उजेड दिसला की काम तिरकं. माझा ठोकळा धरला की म्हणत, "ह्या फटीतनं मला तुझं तळेगाव दिसतंय."

अडीच महिने तळेगाव दिसतच राहिलं. शेवटी मी डोकं चालवलं आणि फटीत ग्रीस भरलं. मास्तरांनी ते अंगठ्याने पुसलं, अंगठा माझ्याच शर्टाला पुसला आणि पुन्हा कानस हातात दिली. आता गाशा गुंडाळायचा, असं मी धरून चाललो होतो. ते मात्र मागे उभे राहून बघत होते.

"हाताचा दोष न्हाई रं. तू उभाच वाकडा ऱ्हातोस."

बुटाने त्यांनी माझा पाय सरकवला, कोपर बरगडीशी आणलं. पुढे रोज जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धवट सोडून येत आणि पाय पाहून जात. मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या कामावर मी घर बांधलं, मुलं शिकवली. ठोकळा पकडायच्या व्हाइसपुढे उभा राहिलो की पाय अजून आपोआप तिथेच जातो.

तिसरा महिना संपला तसे अण्णा लोकलने आले, मला न्यायच्या तयारीने. मास्तरांनी माझा ठोकळा गुण्यासकट त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. अण्णांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. उजेड नव्हता. ग्रीसही नव्हतं.

"म्हणजे पोरगा हुशार आहे म्हणायचा," अण्णा हळूच म्हणाले.

"डोकं बेताचंच हाय, भाऊसाहेब," मास्तर म्हणाले. "कचेरीत उपाशी मरंल. हितंच ऱ्हाऊ द्या."